चालवा, नाहीतर वता

हशा मास्तर थुंकल्याशिवाय आमच्या सायझिंगचा दिवस सुरू होत नसे. सकाळी सातला ते यायचे, चपला बाहेर काढायचे आणि बॉयलरजवळच्या नळाचं कोमट पाणी घेऊन तीनदा चुळा भरायचे. तोवर त्यांनी चहा घेतलेला नसे, तंबाखू-सुपारीचं तर नावच नको. मग खळ शिजवायच्या टाकीतून एक पळी काढून घ्यायचे, फुंकर मारून ती निववायचे आणि तर्जनीवर घेऊन जिभेला लावायचे. शेंड्याला नाही, कडांना. आधी उजवी कड, मग डावी. डोळे मिटलेले. तेवढा वेळ बॉयलरवाला भैय्यासुद्धा बोलायचा थांबे. मग मास्तर मान वळवून पचकन थुंकत आणि एकच शब्द उच्चारत. "चालवा" म्हणाले की मशीन सुरू. "वता" म्हणाले की अख्खी टाकी गटारात. वता म्हणजे ओता, त्यांच्या आगरी बोलीत. "जरा बघू", "थोडं पाणी घालून चालेल" असला मधला शब्द त्या माणसाकडे नव्हताच.

आणि थुंकायचे कुठे, तर माझ्या टेबलापासून दोन हातांवर. मी टेबल खिडकीकडे सरकवलं, तर दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीकडे थुंकू लागले.

ज्यांनी हा धंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सूत थेट मागावर चढवलं तर ते घासून घासून तुटतं. म्हणून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे आधी स्टार्चच्या खळीतून काढायचे, तापलेल्या रुळांवर वाळवायचे आणि बीम नावाच्या मोठ्या रिळावर गुंडाळून मागवाल्याकडे पाठवायचे. हे काम करणाऱ्या कारखान्याला भिवंडीत सायझिंग म्हणतात. यात सगळा खेळ खळीचा असतो. खळ आंबली की ती धाग्यालाच खाते. मागावर धागे पटापट तुटतात, आणि त्यातूनही कापड निघालंच तर गठ्ठ्यात पडल्या पडल्या त्याला बुरशीचे काळे ठिपके धरतात. मास्तर म्हणायचे, "आंबला का मेला." त्यांचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत आटपत होतं.

खरं नाव हसुराम. गाव खारबाव. मुंबईच्या एका मिलमध्ये सायझिंग खात्यात उमेदवारी केलेली, तिथे गव्हाच्या पिठाची खळ असायची म्हणे. मिल बंद पडली तेव्हा ही जीभ घेऊन ते परत आले आणि इक्बालशेठकडे लागले. नाव हशा, पण मी चार वर्षांत त्यांना एकदाही हसताना पाहिलं नाही. काळे, हडकुळे, पांढरा शर्ट सदा खळीने कडक झालेला. मी इथे त्यांना अहो-जाहो करतोय ते वयाचा मान म्हणून. मनातल्या मनात मी त्यांच्याशी कायम एकेरीतच बोललो आहे आणि त्यातले बरेचसे शब्द छापण्याजोगे नाहीत. ते वारल्याचं मला अलीकडे कळलं. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. आलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि त्यांच्याबाबतीत एकदा खोटं बोलून मी पुरेसं भोगलं आहे.

मी मूळचा इचलकरंजीचा. टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून भिवंडीत आलो ते दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत, जेव्हा शहराबाहेर शेतांतून गोडाऊनं उभी राहत होती आणि आत धामणकर नाक्याच्या आजूबाजूला मागांचा खडखडाट अजून तसाच चालू होता. माझ्या बॅगेत आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्यांची डबी होती. पट्टी खळीत बुडवायची, तिचा रंग बदलतो, तो तक्त्याशी ताडून पाहायचा, की खळ आंबली का नाही ते कळतं. पहिल्याच सकाळी मी अदबीने मास्तरांना हे दाखवायला गेलो. त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेतली, उलटसुलट करून बघितली आणि तिने सावकाश कान कोरला.

"या कागदाला जीभ हाय का?" त्यांनी विचारलं.

"जीभ नाही मास्तर, पण रंग..."

"मंग तुज्या कामाचा हाय. माज्या न्हाय."

सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी 'डिप्लोमा' झालो. ए डिप्लोमा, पळी धू. ए डिप्लोमा, बाजूला व्हय, वाफ खातंस काय.

कुणी म्हणेल, जुनी माणसं तोंडाची फटकळ असतात, पोटात माया असते. असेल. मास्तरांच्या पोटात मला ती कधी सापडली नाही. ते कामगारांच्या डब्यात डोकावून "ह्या खानावलीत जेवून तुजी जीभ मेली, आता तू माजा काय होनार" असं म्हणायचे. कुणी रजा मागितली तर "आजा कितींदा मरतो रं तुजा?" एका कामगाराला मुलगा झाला, त्याने पेढे वाटले, तर यांनी पेढा जिभेच्या कडेला लावला, थुंकला आणि "खवा शिला हाय" म्हणून पुढे गेले. तो बिचारा पेढ्यांचा पुडा हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी त्याला विचारलं, तुम्ही लोक ऐकून कसं घेता? तो म्हणाला, "साहब, आदमी ख़राब है, ज़बान सच्ची है." मला ते वाक्य तेव्हा लाचारीचं वाटलं होतं.

माझं आणि त्यांचं कायमचं फाटलं ते दुसऱ्या पावसाळ्यात. माझे वडील वारून चार महिने झाले होते. ते मागावरच काम करायचे आणि मुलाने मागावर न बसता खळीच्या टेबलावर बसावं म्हणून त्यांनी मला शिकवलं. त्या दिवशी मास्तरांना यायला उशीर झाला म्हणून मी पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर खळ शिजवली. पट्टी बरोबर दाखवत होती. मी मशीन सुरू करायला सांगणार, तेवढ्यात मास्तर छत्री झटकत आत आले, चूळ न भरताच त्यांनी बोट बुडवलं आणि "वता" म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, मी तपासली आहे. चांगली आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतः जाऊन टाकीचा खालचा कॉक उघडला. गरम खळ भसाभसा फरशीवर आली, माझ्या बुटांवरून, पँटच्या घोट्यापर्यंत. "घेऊन जा," ते म्हणाले. "तुज्या बापाला पाज."

त्यांना माझ्या वडिलांचं ठाऊक नव्हतं. हे मला आज समजतं, तेव्हाही समजत होतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली ती काही उतरली नाही. मी वाकून बूट पुसले आणि तिथेच ठरवलं, या माणसाचा हा एक शब्द मी एक दिवस सगळ्यांसमोर खोटा पाडणार. नोकरी गेली तरी बेहत्तर.

संधी मिळायला पुढची दीड वर्षं गेली. इक्बालशेठनी जर्मनीहून एक वापरलेलं पण चांगल्या अवस्थेतलं सायझिंग मशीन आणवलं. शेठ म्हणजे भिवंडीच्या जुन्या घराण्यातले, पाच वेळचे नमाजी, बोलण्यात मराठी आणि हिंदी एकाच ताटात कालवणारे. नव्या मशीनला पॅनेल होतं. खळीचं तापमान आणि घट्टपणा त्यावर आकड्यांत दिसे. ते बसवायला युर्गन नावाचा बर्लिनचा मेकॅनिक तीन आठवडे आला. पन्नाशीचा, लालबुंद, कष्टाळू माणूस. त्याच्या इंग्रजीचं मराठी आणि आमच्या मराठीचं इंग्रजी करण्याचं काम माझ्याकडे होतं. आता मशीनचा ताबा कुणाकडे, हा प्रश्न सगळ्या कारखान्यात घोळत होता. मी शेठना आडून आडून सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "पॅनेल तू बघ. पण चालवा-वता मास्तरच बोलणार. बाईस साल में उसने एक बार भी अच्छा माल नहीं फेंका. मेरे बाप का भरोसा था उस ज़बान पर." मी मान हलवली आणि दात-ओठ खात बाहेर आलो.

युर्गनचा शेवटचा दिवस. मे महिना, दुपारी तीनची वेळ. मशीन नीट चाललं होतं, शेठ खुशीत होते, सगळे ऑफिसात कूलरपुढे बसलो होतो. युर्गनने घरून मोज्यांत गुंडाळून आणलेल्या बिअरच्या चार बाटल्या पुढे ठेवल्या. त्याच्या गावची खास चीज होती, काम फत्ते झालं की उघडायची म्हणून त्याने इतके दिवस जपलेली. आमच्या चहावाल्याच्या बर्फाच्या पेटीत त्याने त्या सकाळपासून ठेवल्या होत्या. शेठ कानकोंडे झाले. त्यांच्यात बाटलीला हात लावणंही नाही, आणि पाहुण्याचं मन मोडणंही नाही. त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं. "मास्तर, मेरी तरफ़ से तुम चखो. तुम इस घर के बड़े हो."

युर्गन मला म्हणाला, "आधी त्यांना नीट समजावून सांग. ही आंबट असते. गव्हाची आहे आणि मुद्दाम आंबवलेली आहे, दही ज्याने लागतं तसल्याच जिवाणूंनी. ज्यांना माहीत नसतं त्यांना वाटतं, खराब झाली. आमच्याकडे उन्हाळ्यात पितात." त्याने हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा बोलताना त्याने माझ्या दंडावर हात ठेवला होता.

मी मास्तरांकडे वळलो आणि म्हणालो, "मास्तर, हे पाहुणे लांबून घेऊन आलेत. शेठच्या वतीने चव बघा आणि सांगा. चालवा का वता?"

एवढंच. यात खोटा असा एकही शब्द नाही, हे मी पुढे स्वतःला शेकडो वेळा सांगितलं आहे.

मास्तरांनी ते काम समजूनच केलं. उठले, बाहेर जाऊन तीन चुळा भरल्या, तोंड पुसून आले. काचेच्या पेल्यात बिअर ओतली गेली. रंग लिंबाच्या सरबतासारखा फिका, किंचित गढूळ. फेस उसळला आणि लगेच बसला. त्यांनी घोट घेतला, उजव्या कडेला फिरवला, डाव्या कडेला फिरवला, डोळे मिटले. कपाळाला आठी पडली. ते दाराशी गेले, बाहेर थुंकले आणि परत येऊन म्हणाले, "वता."

"क्या हुआ मास्तर?" शेठनी विचारलं.

"गहू हाय शेठ. थोरा जव पन हाय त्यान. पर आंबलाय. दह्यावानी आंबलाय. आज-कालचा न्हाय, लई दिसांचा हाय." आणि मग अतिशय गंभीरपणे, जवळजवळ काळजीने, "पाव्हण्याला सांगा, कुनी फसवला त्याला. पोट बिगरेल."

असं म्हणून त्यांनी उघडलेली बाटली उचलली, शेजारची दुसरीही दातांनी झाकण काढून उघडली, आणि कुणाला काही कळायच्या आत दोन्ही बाटल्या हात धुवायच्या बेसिनमध्ये उपड्या केल्या. चांगल्या मनाने केलं त्यांनी ते. चार वर्षांत मी त्यांना एवढं एकच काम चांगल्या मनाने करताना पाहिलं.

युर्गनचा चेहरा पडला. तो मला हलक्या आवाजात म्हणाला, "तू त्यांना सांगितलंस ना?"

"सांगितलं," मी म्हणालो. "त्यांना पटलं नाही."

हे मात्र निखालस खोटं होतं.

मग मी पेल्यात उरलेली बिअर उचलली आणि सगळ्यांसमोर प्यायलो. पहिल्या घोटाला गालफडं आत ओढली गेली. दुसऱ्याच क्षणी तोंडभर पाणी सुटलं. आई कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायची, त्याचं पाणी बदलताना घरात जो वास पसरतो तो वास, आणि त्यात ताकाच्या निवळीचा स्वच्छ आंबटपणा. कडूपणा नावालाच, अंगाला हलकी, शेवटी जिभेवर बारीक चरचर. बाहेर भिवंडीचा मे पेटलेला, घशात सुताची धूळ बसलेली, आणि त्या एका घोटाने ती सगळी धुऊन निघाली. तहान भागली. इतकी भागली की आपण कशासाठी पितोय हे मी क्षणभर विसरलो. एखाद्याचा गळा कापताना सुरी छान आहे असं वाटावं, तशी ती चव मला आजही आठवते.

पेला खाली ठेवून मी म्हणालो, "शेठ, अगदी उत्तम आहे. ही अशीच असते, मुद्दाम आंबट केलेली. गावोगावी पितात त्यांच्याकडे. मास्तरांची जीभ गेली आता."

शेठनी मास्तरांकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "मास्तर," ते म्हणाले, "बिगड़ा हुआ और बनाया हुआ, इतना फ़रक नहीं समझा? मेहमान के सामने?"

 मास्तरांनी युर्गनकडे, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना आम्ही सगळेच लबाड वाटत होतो, हे स्पष्ट दिसत होतं. परदेशी माणसाची मर्जी राखायला आम्ही नासलेल्या मालाला चांगलं म्हणतो आहोत, अशी त्यांची खात्री होती. ते चपला घालून कामाला निघून गेले.

जून लागेपर्यंत 'चालवा' म्हणायचं काम माझ्याकडे आलं आणि मास्तरांना मागच्या बाजूला बीम चढवायला ठेवलं. मी जिंकलो होतो. रोज सकाळी पट्टी बुडवायचो, पॅनेलवर नजर टाकायचो आणि मुद्दाम जरा मोठ्याने "चालवा" म्हणायचो. एका सकाळी, धो धो पाऊस चालू असताना, मास्तर कुणी न बोलावता पुढे आले. टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं. "डिप्लोमा, वता ही. पोती भिजलीत तुजी."

मी त्यांच्या नाकासमोर पट्टी धरली. शेठही तिथेच होते. पट्टीचा रंग ठीक होता, पॅनेलचे आकडे ठीक होते. शेठनी एकवार मास्तरांकडे, एकवार माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चलने दो."

मास्तरांनी खांद्यावरच्या पंच्याला बोट पुसलं. "जीभ गेली ना माजी? मंग नुसते हात घेऊन कशाला येऊ?" असं म्हणून ते त्या पावसातच निघून गेले. निरोप नाही, काही नाही. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

तीन आठवड्यांत मागवाल्यांचे फोन सुरू झाले. धागे तुटतायत, कारागीर माग सोडून बसलेत. मग कापडावर ठिपके. मग परत आलेले बीम टेम्पोतून उतरू लागले आणि गेटपाशी ओळीने पडून राहिले. मी वेड्यासारखा पट्ट्या बुडवत होतो, सगळ्या सांगत होत्या की खळ उत्तम आहे. शेवटी लक्षात आलं. ती डबी मी दोन वर्षं खळीच्या टाकीच्या वाफेशेजारी, झाकण उघडं टाकून ठेवली होती. पट्ट्या केव्हाच दमट होऊन मेल्या होत्या, कशातही बुडवा, एकच रंग दाखवायच्या. पॅनेल घट्टपणा सांगे, तापमान सांगे. आंबटपणा सांगणारं त्यात काहीच नव्हतं. आणि स्टार्चची पोती खरंच भिजलेली होती.

शेठ मला ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "जा, मास्तर को लेके आ. मैं भी माफ़ी माँगूँगा, तू भी माँग."

मी नाक्यावरून शेअर रिक्षाने खारबावला गेलो. मास्तरांचं घर विचारत विचारत सापडलं. ओटीवर मास्तर जेवायला बसले होते. उघडे, गुडघा वर घेतलेला, पुढ्यात भात आणि खाडीतल्या निवटी माशांचं कालवण. मास्तरांच्या पत्नी, काकी, दाराशी बसल्या होत्या. मी कुठून आलो हे सांगताच त्या बोलू लागल्या, "बस बाला. बग, आज जेवतान तरी हे. तीस वर्सां या घरान चिंच न्हाय आली, कोकम न्हाय, लोनचा न्हाय. जीभ खराब व्हईल बोलं. बिनआंबटाचा म्हावरा खाल्ला आमी तीस वर्सां, पोरांनी पन. लोकं हसत. आता आनलीय मी चिंच, भरपूर आनलीय."

मास्तर मान खाली घालून जेवत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. परत आलेले बीम, ठिपके, मेलेल्या पट्ट्या. शेठनी बोलावलंय, स्वतः माफी मागणार आहेत, मशीन तुमच्या शब्दावर चालेल. माझंच चुकलं.

मास्तरांचा घास थांबला. त्यांनी सावकाश ताट पुढे सरकवलं, अर्धं जेवण तसंच ठेवून. उठून ओटीच्या कडेला गेले, तांब्या घेतला आणि चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा. जिभेवरून बोट फिरवून थुंकले. मग काकींना म्हणाले, "उद्यापासून चिंच नको." काकींनी कपाळावर हात मारला, पण तोंडभर हसल्या. आणि मास्तर मला म्हणाले, "मी बोललो व्हतो ना? ती दारू पन आंबलेली, ही खल पन आंबलेली. तुमी लोक जिभा इकून बसलाव."

माझं काम झालं होतं. मी "येतो" म्हणून निघालो असतो तर गोष्ट तिथे संपली असती. ते दुसऱ्या दिवशी सातला आले असते, माझ्या टेबलाजवळ थुंकले असते आणि मरेपर्यंत मला छळत राहिले असते. पण मला तेव्हा एक रोग झाला होता, मन मोकळं करायचा. इतकं सांगितलंय तर तेही सांगून टाकू, आपल्याला बरं वाटेल, म्हणून मी बोललो.

"मास्तर, एक राहिलं. त्या दिवशी पाहुण्याने मला आधी सांगितलं होतं, की ती बिअर मुद्दाम आंबट केलेली असते. तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. तुमची फजिती व्हावी म्हणून."

मला वाटलं, तांब्या फेकून मारतील. मारला असता तर मी तो आनंदाने झेलला असता.

त्यांनी तांब्या हळूच खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "मंग ती चांगली व्हती?"

"हो."

"तशीच आंबट करून पितात ते?"

"हो. मी प्यायलो ना. खूप चांगली होती."

"आनि मी वतली," ते म्हणाले.

मी घाईघाईने म्हणालो, "तुमची काय चूक त्यात, मास्तर? तुम्ही तर बरोबरच ओळखलं होतं. गहू म्हणालात, जव म्हणालात, दह्यासारखी म्हणालात. सगळं तंतोतंत. मी लपवलं म्हणून..."

"चांगला माल वतला मी. पाव्हण्याचा." त्यांनी माझं ऐकलंच नव्हतं. ते ओटीवर परत येऊन बसले, हात गुडघ्यांवर. "बावीस वर्सां शेठकडं, त्याच्या आदी मिलमदी. कदी चांगला माल वतला नव्हता मी."

मी त्यांच्या पायांशी बसलो. "मला माफ करा, मास्तर. माझं पाप आहे ते."

तेव्हा मात्र ते जुन्या आवाजात कडाडले. "तुजा पाप हाय तर तू संबाल! माज्या ताटान कशाला वाढतंस?"

मग त्यांनी बाजूला सारलेलं ताट पुढे ओढलं. काकी "अहो, आता तोंड धुतलाय ना तुमी" म्हणत घाबरून उठल्या. मास्तरांनी भातात खळगा केला आणि ताट त्यांच्याकडे धरलं.

"वाढ," ते म्हणाले. "आंबट वाढ."